कागदावरची अठरा वर्षं

चांगदेवाला गप्प बसवायचं औषध अजून कुणी शोधलेलं नव्हतं. एसटीत शेजारी बसलेला माणूस शिरूरला उतरेपर्यंत त्याच्या शेळीच्या विण्यापासून भावकीतल्या भांडणापर्यंत सगळं ऐकून दमलेला असायचा. तरी वडगाव रासाईत त्याला कुणी वाईट म्हणत नसे. माणूस राबता होता, निर्व्यसनी होता, बायकोवर किंवा पोरींवर हात उगारणारा नव्हता. तोंड तेवढं मोकळं. आणि ह्या मोकळ्या तोंडाने त्या दिवशी शिरूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात असा काही घोळ घातला, की त्याची बायको गिताबाई हिला बसल्या जागी घाम फुटला.

साल दोन हजार नऊ, दिवाळी नुकतीच झालेली. धाकट्या हर्षदाची सुपारी फुटली होती. पाहुणे दौंडचे. रखमाजींचा मुलगा माऊली रेल्वेत कायम झालेला, असं स्थळ घर विचारत आलं म्हटल्यावर चांगदेव आठ दिवस हवेत होता. मुलगी उंचीपुरी, बारावी पास, कामाला चपळ. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त डोळ्यांवर चष्मा होता, आणि काचा चांगल्या जाड होत्या.

रखमाजींच्या बायकोने, अनसाबाईने, सुपारीतच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की पोरगी पसंत आहे, पण हळदीला चष्मा नको. फोटो चांगले येत नाहीत, आणि चार बायका म्हणतील आंधळी आणली. पुण्याला लेझर करतात, सकाळी गेलं की संध्याकाळी चष्म्याविना घरी येता येतं, असं तिच्या कानावर आलं होतं. ते जमत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणाली, आम्हाला दुसरी दोन स्थळं आहेत. चांगदेवाने जागेवर होकार दिला. मार्गशीर्षातली तारीख धरली. हर्षदाला काय वाटतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपल्याकडे ते सुचतच नाही.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तर आधी शिरूरच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घ्या, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून मंगळवारी तिघं शिरूरला आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्नेहल मॅडम म्हणायचे त्यांना सगळे. हर्षदाला चष्मा लागला तेव्हापासून नंबर त्याच काढून देत. त्यांनी हर्षदाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, मशीनवर हनुवटी टेकवून बराच वेळ पाहिलं. मग जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. पोरीने त्या पिशवीत नीट घडी करून आणल्या होत्या.

मॅडमनी त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी अडीच नंबर, गेल्या वर्षी सव्वातीन, आता चार. नंबर दरवर्षी वाढतोय, त्या म्हणाल्या. लेझर करायचं तर अठरा वर्षं पूर्ण हवीत, आणि शिवाय निदान वर्षभर नंबर हललेला नको. अठराच्या पुढे तो सहसा थांबत जातो, हिचा का थांबत नाही ते बघावं लागेल.

अठरा म्हणताच चांगदेवाने खिशातून शाळेचा दाखला काढला. तो त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. जन्मतारीख एक जून एक्क्याण्णव. म्हणजे अठरा होऊन पाच महिने उलटलेले. मॅडम वाचून हसल्या. म्हणाल्या, तुमच्या भागात एक जूनला फार मुलं जन्माला येतात.

त्या एवढ्या हसण्याने चांगदेव खुलला. बाई आपल्यातली आहे, असं त्याला वाटलं. आणि गेली बारा वर्षं लग्नात, जत्रेत, पारावर जी गोष्ट सांगून तो लोकांना हसवत आला होता, ती त्याने मॅडमना सांगायला घेतली.

गोष्ट अशी. चांगदेवाच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघायचं, आणि पोरं जिथे जन्मतील तिथे जन्मायची. जन्माचे दाखले कुणाकडे असणार? मग मुक्काम कायमचा झाला, मेंढरं विकून भीमेकाठची थोडी जमीन कसायला घेतली आणि पोरींना शाळेत घालायची वेळ आली. तेव्हा मास्तरांची एकच परीक्षा असे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं झालं, लिही एक जून. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. आता गिताबाई रोज शेतावर जाणार, मग हर्षदाला सांभाळायचं कुणी? शाळेत पोर दिवसभर बसतं, वर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळतो. पण पोर पडलं लहान. तेव्हा चांगदेवाने मास्तरांपुढे तिच्या मानेला हळूच दोन बोटं लावली आणि मान वाकडी केली. हात आधीच लांब. पोरीने कान धरला. मास्तरांनाही पट भरायचा होता, त्यांनीही फार बारकाईने पाहिलं नाही.

"चार वर्षांची पोर, मॅडम," चांगदेव मांडीवर थाप मारून म्हणाला, "आन् मास्तर म्हनतंय, सहाची हाय, बसवा पहिलीत. थोरल्या सोनमचं बी आमी असंच केलं व्हतं."

एरवी इथे लोक हसून हसून वाकडे होत. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तेव्हा चार वर्षांची होती?" त्यांनी विचारलं.

चांगदेवाचं हसू अर्ध्यावर राहिलं. तो दाखल्याकडे पाहायला लागला, जणू तो दाखला उठून त्याची बाजू घेणार होता. कागदावर सहाच होते, असं काहीतरी तो पुटपुटला. मॅडमनी खुर्ची वळवली ती थेट गिताबाईकडे.

"मावशी, तुम्ही सांगा. हिचा जन्म कधीचा?"

गिताबाईला सगळं ठाऊक होतं. आईला ठाऊक नसणार तर कुणाला? शिमग्याचे दिवस होते. इनामगावला मुक्ताबाईच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली होती, आणि तिथेच, पालातच, हर्षदा झाली. नाळ मुक्ताबाईने कापली. मुक्ताबाईचा विश्वजीतही त्याच आठवड्यातला, पण तो शिरूरच्या दवाखान्यात झालेला, म्हणून त्याला खरी तारीख मिळाली. तो पोरगा अजून अकरावीत शिकत होता. हे सगळं तिला माहीत होतं. पण कागदावर अठरा लागली, घरात सगळे अठरा म्हणायला लागले, आणि तीही म्हणायला लागली. दोन वयं तिने मनात कधी शेजारी शेजारी ठेवलीच नव्हती. आता ठेवली, आणि मधलं अंतर तिला पहिल्यांदा दिसलं.

"सोळा सरून आठ महिनं झालं," ती म्हणाली.

हर्षदा थेंबांमुळे अंधुक झालेल्या डोळ्यांनी आईच्या आवाजाकडे बघत राहिली.

चांगदेवानेच मग धीर केला. दोन वर्षांचाच काय तो फरक, तेवढा चालवून घ्या, दाखला तर सरकारी आहे, असं त्याने विनवून पाहिलं.

"काका, डोळा दाखला वाचत नाही," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. लेझरने बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा घासून पातळ करतात. तो एकदा गेला की पुन्हा वाढत नाही. पोर वाढीला असलं की डोळाही वाढत असतो, नंबर सरकत असतो. आज करून घेतलं तर उद्या नंबर परत येणार, चष्माही परत लागणार, आणि पडदा मात्र गेला तो गेला. पुन्हा घासायला तिथे काही उरेलच असं नाही. क्वचित एखाद्या मुलाच्या दोन डोळ्यांत फार मोठा फरक असतो, एक डोळा निकामी व्हायची भीती असते, तेव्हा मोठे डॉक्टर लहानपणीही करतात. पण ते आजारासाठी. हळदीच्या फोटोसाठी नाही.

हळदीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हर्षदाच्या बोटातली अंगठी आणि हातभर हिरवा चुडा त्यांनी केव्हाच पाहिला होता.

गिताबाई जन्मात कधी डॉक्टरशी आपणहून बोललेली नव्हती. विचारलं तेवढंच सांगायचं, ही तिची सवय. शेवटी तिने पदर घट्ट धरला आणि विचारलं.

"दोन वर्षं थांबाया पायजे म्हनता, ते फकस्त डोळ्याला का?"

मॅडमनी चिठ्ठीचं पॅड पुढे ओढलं.

"नाही मावशी. फक्त डोळ्याला नाही."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. वय सोळा, नंबर वाढता, लेझर आत्ता करू नये, दोन वर्षांनी पुन्हा दाखवावे. हर्षदाच्या सोळा वर्षांत तिचं खरं वय लिहिलेला हा पहिला कागद.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर हर्षदाने आधी लग्नाचं काही काढलंच नाही. ती भलतंच बोलली. तिसरीत तिला भागाकार येत नसे, मास्तर वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करत, आणि सगळी पोरं हसत.

"म्हंजी तवा मी सहा वर्षांची व्हते," ती म्हणाली. "आई, मला आत्तापर्यंत वाटायचं मीच ढ हाय."

गिताबाईला रडू आलं नाही. रडू यायच्या पलीकडे ती गेली होती. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि हाताला हाडं लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ह्या पाठीवर तिने आठवीपासून घागरी, गवताचे भारे, सगळं लादलं होतं, मोठी झाली आता म्हणून.

एसटी स्टँडवर चांगदेव मात्र सावरला होता. त्याला तोडगा सापडला होता. चूक आपलीच, तो म्हणाला, नको तिथे गोष्ट काढली. पुण्यात डॉक्टरांना काय तोटा? दुसऱ्याकडे जायचं, ही चिठ्ठी आणि जुने नंबर दाखवायचेच नाहीत, दाखला पुढे करायचा आणि तिथे आपण तोंड शिवून बसायचं. गिताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यात कधी गप्प राहिला नव्हता. आज तो गप्प राहायला तयार झाला होता, आणि तो असा. संसाराला पंचवीस वर्षं होत आली, पण ह्या माणसाची तिला आज पहिल्यांदा भीती वाटली.

खरा धक्का पुढे बसला, एसटी न्हावऱ्याच्या पुढे गेल्यावर. थोरलीचंही असंच केलं होतं, हे चांगदेवाचं वाक्य तिच्या डोक्यात मागून आलं आणि मग हटेना.

दाखल्यावर सोनमचाही जन्म एक जूनचाच होता. कागदावर अठरा भरली आणि त्याच महिन्यात तिला दिली. वर्षाच्या आत दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात मूल गेलं. पुढच्या साली दुसरं गेलं. सासरचे पाठ फिरवून बसले, पोरीच्या अंगावर मांस राहिलं नाही, आणि देवऋषी झाले, नवस झाले, सगळं झालं. पहिल्या वेळी दवाखान्यात नर्सने वय विचारलं होतं. सोनम कण्हत होती, तिला बोलता येत नव्हतं. मग तिच्या वतीने गिताबाईने सांगितलं होतं, एकोणीस. ठामपणे सांगितलं होतं. आणि नर्सने एकोणीस लिहिलं होतं. पोर सतराची होती. नर्सला कोण सांगणार, डॉक्टरला कोण सांगणार? आईच खोटं बोलली, आणि आपण खोटं बोलतोय हे तिला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

ती खिडकीच्या गजाला धरून बसली. शेजारची बाई विचारत होती, मळमळतंय का म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिताबाई लुगडं बदलून दारात उभी राहिली आणि चांगदेवाला म्हणाली, मी दौंडला पाहुण्यांकडे जाते, वय सांगायला. तुम्हाला यायचं तर या. चांगदेव आधी चिडला, मग त्याने हात जोडले, मग पायात वहाणा सरकवून तिच्या मागे निघाला. बायको काही बोलून बसली तर निस्तरायला आपण असलेलं बरं, हा त्याचा हिशेब.

गिताबाईचा हिशेब वेगळा होता. तिला वाटत होतं, खरं वय कळलं की पाहुणे स्वतःच मागे सरतील. रखमाजी शिकलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले. कायदा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. लग्न मोडेल, चार दिवस लोक बोलतील, आणि पोर वाचेल.

रखमाजींच्या घरी चहा झाला. चांगदेव पाऊसपाण्याचं बोलत राहिला. गिताबाईने कनवटीची चिठ्ठी काढून पुढे ठेवली. रखमाजींनी वाचली, पुन्हा वाचली, आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. वय सोळा.

अनसाबाईच्या चेहऱ्यावर आधी काही दिसलं नाही. मग ती चक्क हसली.

"एवढंच व्हय, इहीणबाई. मला वाटलं पोरीचं डोळंच जात्यात का काय," ती म्हणाली. "सोळाची हाय म्हंजी तर ब्येसच की. कोवळी हाय तवर वळन लागतंय. ऱ्हाऊ द्या चष्मा, दोन सालानी काढू."

गिताबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. चष्म्याच्या ज्या अटीसाठी हे लोक लग्न मोडायला निघाले होते, ती अट त्यांनी एका घोटात गिळली होती. मुलगी लहान आहे हे कळल्यावर त्यांना ती जास्तच आवडली होती. शेजारी चांगदेवाने सुटकेचा श्वास सोडला, तो तिला ऐकू आला.

रखमाजी शांतपणे म्हणाले, कागद दोन नसावेत, घोटाळा होतो. अठराचा आहे तोच राहू द्या. आणि त्यांनी चिठ्ठीचे दोन तुकडे केले, मग चार केले आणि कपाच्या बशीत टाकले.

"फाडा," गिताबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "माझं तोंड कसं फाडाल? मी ग्रामशेवकाला सांगनार हाय. फौजदाराला सांगनार हाय. खोटं वय सांगनाऱ्यात पयलं नाव माझं लिवा म्हननार हाय."

अनसाबाईने चांगदेवाकडे पाहून तोंड वाकडं केलं. मोडलेल्या लग्नाची, जाड भिंगाची पोर दोन वर्षांनी कोण करून घेणार, ते विचारा हिला, म्हणाली.

"नगं करू कुनी. दोन वर्षं ती नुसती मोठी हुईल," गिताबाई म्हणाली.

मग ती चांगदेवाकडे वळली. पाहुण्यांसमोर नवऱ्याशी असं समोरासमोर ती कधी बोलली नव्हती.

"सोनमच्या येळंला तुमी भाईर बसला व्हता. आत नर्सनं वय इचारलं. मी एकोनीस सांगितलं."

चांगदेवाने बोटांवर सोनमचं वय मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा सतराच आलं.

रखमाजींनी घसा साफ केला. बायकांच्या बोलण्यावर लग्नं जुळत नाहीत आणि मोडतही नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरच्या कर्त्या माणसाने काय ते सांगावं, म्हणजे विषय संपला.

"पाव्हणं, तुमी सांगा. पोरगी किती वर्षांची हाय?"

चांगदेवाच्या खिशात दाखला होता. तो काढायचा, एवढंच त्याला करायचं होतं. त्याचा हात खिशापर्यंत गेलाही. गिताबाईने डोळे मिटून घेतले.

"सोळा," चांगदेव म्हणाला. "आन् सोनम दिली तवा ती बी सोळाचीच व्हती. मीच दिली."